आईबापाच्या अर्जातली छंदाची ओळ

यवतमाळच्या दत्त चौकात किंवा पुसदच्या बसस्थानकाजवळ कुठल्याही डीटीपी सेंटरवर ‘बायोडेटा काढून द्या’ म्हटले की संगणकावर एक तयार फाइल उघडते. वर मधोमध ठळक अक्षरांत ‘बायोडेटा’, खाली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख, जात-धर्म, वैवाहिक स्थिती, अवगत भाषा, मग शिक्षणाचा चौकटीचा तक्ता, त्याखाली अनुभवाच्या दोन-तीन ओळी. सगळ्यात शेवटी, ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ या वाक्याच्या अगदी डोक्यावर, ‘छंद’. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचे ‘वाचन, प्रवास, संगीत ऐकणे’ तसेच पडून असते. ऑपरेटर नाव बदलतो, जन्मतारीख बदलतो, टक्केवारी बदलतो. छंदाला सहसा हात लावत नाही आणि गिऱ्हाईकही लावायला सांगत नाही. लग्नाच्या बायोडेटातही हीच ओळ असते. तिथे ती ‘मुलगी घरंदाज आहे’ किंवा ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ एवढे सुचवून मोकळी होते. नोकरीच्या अर्जात मात्र तिच्याकडून काय काम व्हावे, याचा विचार क्वचितच झालेला असतो.

हा प्रश्न बाविशीतल्या पदवीधरापेक्षा पस्तिशी-चाळिशीतल्या आईबापाला जास्त अडचणीचा जातो. राज्याच्या सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. त्यामुळे इथे अर्ज भरणाऱ्यांत शाळकरी मुलांचे आईबाप नेहमीचेच. खासगी शाळा, सहकारी बँका, दवाखाने, महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था इथे तर बाळंतपणाच्या खंडानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या बाया मोठ्या संख्येने येतात. सकाळी डबे, संध्याकाळी गृहपाठ, मधल्या वेळात नोकरी किंवा शेत, आणि अर्जातला रकाना विचारतो की तुमचा छंद काय. बरेच जण थाप मारतात, काही जण ‘मुलांना वेळ देणे’ असे लिहितात, उरलेले रकाना कोरा सोडतात. माझे म्हणणे असे की या तिन्हींपैकी कोरा रकाना सगळ्यात कमी वाईट, आणि त्याहून चांगला चौथा मार्ग आहे: एकच छंद, लहान असला तरी खरा, आणि तो आपण करतो हे कळावे इतक्या तपशिलाने लिहिलेला. मुलांचा उल्लेख या ओळीत नको. मुले लपवण्यासारखी असतात म्हणून नव्हे. या ओळीतून ती वाचणाऱ्याच्या मनात फार वेगळ्या कारणाने शिरतात म्हणून. त्याचे पुरावे पुढे येतील.

आधी ही ओळ कुठे लागते ते पाहू, म्हणजे उगाच डोकेफोड होणार नाही. तलाठी भरतीत ती लागत नाही; २०२३ ची ती परीक्षा २०० गुणांची, संगणकावरची आणि मुलाखतीविना होती. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित गट ब आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, तिथेही छंदाला कुणी विचारत नाही. मुलाखत जिथे आहे तिथे मात्र ही ओळ जिवंत होते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या सविस्तर अर्जात अवांतर उपक्रम आणि छंद यांसाठी स्वतंत्र जागा असते, आणि तो कागद मुलाखत मंडळासमोर असतो. एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण त्या खोलीत ठरतात. एमपीएससीच्या राज्यसेवेतही नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुलाखत २७५ गुणांची झाली आहे. पूर्वी ती १०० गुणांची होती. शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर खासगी संस्थांना ‘मुलाखतीसह’ हा पर्याय असतो. तिथे अभियोग्यता चाचणीच्या गुणांवरून आलेल्या उमेदवारांची मुलाखत आणि पाठ संस्था घेते. बाकीच्या खासगी नोकऱ्यांत तर समोर बसलेल्या दोघा-तिघांच्या हाती एकच पान असते, आणि बोलणे कुठून तरी सुरू करायचे असते. पुष्कळदा ते शेवटच्या ओळीपासून सुरू होते, कारण टक्केवारीवर गप्पा मारता येत नाहीत.

‘पण एवढ्या बारकाईने कोण वाचतो?’ हा पहिला आक्षेप. वाचतात, आणि वाचून माणूस तोलतात, याचे पुरावे चांगले भक्कम आहेत. लॉरेन रिव्हेरा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी मोठ्या बँका, वकिली कचेऱ्या आणि सल्लागार कंपन्या यांतल्या भरती करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा निबंध २०१२ साली आला. निवड करणारे कामातल्या कौशल्याइतकेच ‘हा आपल्यातला वाटतो का’ हे पाहत होते, आणि ते पाहण्याची सोयीची जागा म्हणजे उमेदवाराचे छंद. २०१६ साली रिव्हेरा आणि आंद्राश टिल्चिक यांनी हे प्रयोगाने तपासले. अमेरिकेतल्या १४ शहरांतल्या ३१६ वकिली कचेऱ्यांना बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, गुण, अनुभव सगळे सारखे. फरक फक्त नाव आणि कडेच्या ओळींचा. एका प्रकारच्या अर्जात शिडाच्या होड्या, पोलो आणि शास्त्रीय संगीत, दुसऱ्यात धावण्याच्या शर्यती, मोकळ्या मैदानावरचा फुटबॉल आणि ग्रामीण ढंगाची गाणी. श्रीमंती छंद असलेल्या पुरुषाला शंभरात सोळा ठिकाणांहून बोलावणे आले, साध्या छंदांच्या पुरुषाला जेमतेम एका ठिकाणाहून. स्त्रियांच्या बाबतीत गंमत उलटी झाली. श्रीमंती छंदांच्या स्त्रीला शंभरात चारच बोलावणी, म्हणजे साध्या छंदांच्या स्त्रीपेक्षाही कमी. कारण विचारल्यावर वकील मंडळींचे मत असे पडले की अशी बाई संसारात रमेल आणि नोकरी सोडून देईल. तेच छंद पुरुषाच्या अर्जात प्रतिष्ठा ठरले आणि बाईच्या अर्जात शंकेचे कारण.

आपल्याकडे पोलो फारसा कुणी खेळत नाही, पण तोलण्याची सवय आहेच. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लिहिले की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे लोक उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात, आणि तिच्यावरून बरेच काही ठरवतात. यवतमाळ जिल्ह्यातली एखादी संस्था याला अपवाद असेल असे मानायला कारण नाही. ‘ट्रेकिंग, फोटोग्राफी’ वाचून एक चित्र उभे राहते, ‘कबड्डी, खंजिरी भजन’ वाचून दुसरे. इथे कुणी शहाणा सल्ला देईल की मग ट्रेकिंग लिहा. तो सल्ला फसवा आहे. दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडणारा छंद नुसता वाया जात नाही, बाकीच्या पानावरचा विश्वासही घेऊन जातो. ‘वाचन’ लिहिणाऱ्याला ‘शेवटचे पुस्तक कोणते वाचले?’ हा प्रश्न येणारच, हे स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही अभ्यासिकेत ठाऊक असते. तरीही ‘वाचन’ लिहून चाचपडणारे थोडे नाहीत. वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहावर उपाय हवा असेल तर तो तपशिलात आहे. ‘भजन’ एवढाच शब्द वाचणाऱ्याला त्याच्या मनातल्या समजुतींकडे ढकलतो. ‘गावच्या मंडळात बारा वर्षे खंजिरीवादन, नव्या मुलांना ताल शिकवणे’ हे वाचले की त्याला हात, ताल, सातत्य आणि शिकवणे दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी विदर्भाच्या गावागावांत नेली. ती वाजवणाऱ्याने अर्जात लाजण्याचे कारण नाही, फक्त काय करतो ते सांगितले पाहिजे.

आता मुलांच्या उल्लेखाकडे येऊ. या विषयावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास शेली कोरेल, स्टीफन बेनार्ड आणि इन पाइक यांचा, २००७ सालचा. त्यांनी तोडीस तोड गुणवत्तेचे दोन बनावट अर्ज तयार केले आणि एकात उमेदवार पालक आहे हे सुचवले. सुचवले कसे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अर्जाच्या कडेच्या भागात एका उमेदवाराला प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा समन्वयक दाखवले, दुसऱ्याला वस्तीतल्या रहिवासी संघाचा कार्यकर्ता. दोन्ही सार्वजनिक कामेच. फक्त पहिल्यात मूल डोकावते. तपासणाऱ्यांनी आईला कमी सक्षम आणि कमी बांधिलकीची ठरवले, आणि तिला सुचवलेला सुरुवातीचा पगार बिनमुलाच्या बाईपेक्षा वर्षाला सुमारे ११ हजार डॉलरनी कमी ठेवला. बापाचे काहीच बिघडले नाही, उलट त्याला थोडा जास्त पगार सुचवला गेला. नंतर खऱ्याखुऱ्या कंपन्यांना असे अर्ज पाठवले तेव्हा बिनमुलाच्या बाईला आईच्या २.१ पट बोलावणी आली. भारतात याच धर्तीची वागणूक उघड झाल्याचे उदाहरण ताजे आहे. चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घेणे टाळले जाते, असे वृत्त रॉयटर्सने जून २०२४ मध्ये दिले, आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने तामिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला.

अमेरिकेतला पालक-शिक्षक संघ म्हणजे आपल्याकडे कोण, याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेले अनुदान कसे खर्च होते त्यावर नजर ठेवायची. राळेगाव, घाटंजी, झरी जामणी अशा तालुक्यांत कित्येक आयांनी आयुष्यातला पहिला ठराव इथे लिहिला, पहिल्यांदा बिल तपासून ‘हे बरोबर नाही’ म्हटले ते इथेच. आणि हेच काम त्या अर्जात ‘छंद : मुलांच्या शाळेत मदत करणे’ असे लिहून मोकळ्या होतात. हे दुहेरी नुकसान आहे. आराखडा, अनुदान, ठराव हे काम आहे, त्याची जागा अनुभवात आहे, पदासह आणि वर्षांसह: ‘अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, २०२१ ते २०२३, शाळा विकास आराखडा आणि अनुदान खर्चाची तपासणी’. छंदाच्या ओळीत टाकले की ते हौस ठरते, आणि वर आईपणाचा शिक्का बसतो तो वेगळाच. बचत गटाचा हिशेब सांभाळणे, गटाच्या पापड-कुरडयांची विक्री पाहणे यालाही हेच लागू. उमेद अभियानातल्या गटाच्या सचिवाने बँकेत खाते चालवले असेल, कर्जाचे हप्ते वसूल केले असतील, तर त्याला छंद म्हणणे म्हणजे आपल्या हाताने आपली किंमत पाडणे. अनुभवात लिहिले तरी पालकत्व थोडे दिसतेच, हे खरे. पण तिथे वाचणाऱ्याच्या नजरेला आधी काम लागते. कोरेल यांच्या प्रयोगातली ओळ कामाचा तपशील न देणारी होती, त्यामुळे ती वाचून आईपणच ठळक दिसले असावे.

‘हे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे झाले,’ असा आक्षेप इथे येईल, आणि यवतमाळसारख्या ठिकाणी तो विनोदीच वाटेल. कोणाची सून, कोणाचा जावई, मुले कोणत्या शाळेत, हे संस्थाचालकाला अर्ज येण्याआधी ठाऊक असते. शिवाय त्याच पानावर वैवाहिक स्थितीचा रकाना आहे. मग छंदाच्या ओळीतून मुले काढून काय साधणार? साधते ते इतकेच: कोणी थेट विचारले तर खरे सांगायचे, पण न विचारता आपणहून मुलांना आपल्या फावल्या वेळाचे एकमेव रूप म्हणून मांडायचे नाही. हे लपवणे नव्हे, प्रसंग ओळखणे आहे. शेजारणीला सांगायची आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याला सांगायची ओळख वेगळी असते, आणि दोन्ही खऱ्या असतात. ‘मुलांना वेळ देणे’ या शब्दांतून उमेदवाराचे कौशल्य, आवड किंवा स्वभाव यांतले काहीच कळत नाही. कळते ते कर्तव्य. बापांच्या बाबतीत हीच ओळ कौतुकाची ठरते हे वर आलेच, आणि म्हणून बापांनी ती लिहून फुकटचे गुण मिळवावेत का, असा प्रश्न कुणी विचारील. मला वाटते न लिहिणे बरे. ज्या ओळीने एकाला बक्षीस आणि दुसरीला दंड होतो, ती चालू ठेवण्यात बापांचा वाटा कमी नाही.

आता वेळेचा मुद्दा, जो सगळ्यात खरा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. मुले-म्हातारी माणसे सांभाळण्याचे पाहिले तर १५ ते ५९ वयोगटात स्त्रिया १४० मिनिटे, पुरुष ७४. याच सर्वेक्षणात करमणूक, माध्यमे, खेळ यांवर लोक सरासरी १७१ मिनिटे घालवतात असेही आहे. तो आकडा पाहून ‘मग वेळ आहेच की’ असे कुणी म्हणू नये. त्यात दूरदर्शनसमोर भाजी निवडतानाचा वेळ आणि मोबाइलवर बोटे फिरवण्याचा वेळही येतो. सलग, आपल्या ताब्यातला वेळ किती, ते या आकड्यात दिसत नाही. लहान मुलांच्या आईला तर सलग अर्धा तास म्हणजे चैन. तेव्हा आईबापाकडे छंद असावा ही अपेक्षाच अन्याय्य आहे, हा आक्षेप हलक्यात काढता येत नाही. पण छंद म्हणजे तासन्‌तास, ही समजूतही तपासून पाहायला हवी.

कॅनडातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी हौशी संगीतकार, हौशी खगोल निरीक्षक, जादूगार अशांचा अभ्यास करून ‘गंभीर’ आणि ‘सहज’ असे फावल्या वेळाचे दोन प्रकार सांगितले. गंभीर प्रकाराची त्यांनी दिलेली लक्षणे म्हणजे चिकाटी, कष्टाने येणारे कौशल्य, पायरी पायरीने होणारी वाढ, त्यातून मिळणारी ओळख. दिवसाला किती तास, हे लक्षण त्यांत नाही. आठवड्याला एक तास, पण सहा वर्षे, आणि सहाव्या वर्षी पहिल्यापेक्षा चांगले जमते, हा गंभीर छंद. रोज तीन तास मालिका पाहणे हा सहज. ब्रिटनमध्ये किआरा केली आणि सहकाऱ्यांनी नोकरदारांचा काही महिने मागोवा घेतला (निबंध २०२० चा). त्यांना असे दिसले की गंभीरपणे केलेला आणि नोकरीहून वेगळा असलेला छंद जास्त केला की कामावरचा आत्मविश्वास वाढतो. पण छंद गंभीर आणि नोकरीसारखाच असेल तर उलटे होते. दिवसभर वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांनी संध्याकाळी शिकवणीलाच छंद म्हणू नये, यामागे एवढा तरी आधार आहे.

थोड्या वेळाच्या छंदाचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. दर फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणना चार दिवस चालते. भारतात ती २०१३ पासून होते. तिचा नियम असा की एका जागी किमान पंधरा मिनिटे थांबा, दिसले-ऐकले ते पक्षी मोजा आणि ‘ई-बर्ड’ या मोफत नोंदवहीत यादी टाका. पंधरा मिनिटे म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर अंगणात उभे राहणे. यवतमाळ शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोहच्या काठी, बाभुळगावकडच्या बेंबळ्यावर, किंवा घराशेजारच्या कडुलिंबाखालीही हे जमते. टिटवी, वेडा राघू, खंड्या, धोबी, वंचक एवढ्यांपासून सुरुवात होते. वर्षभराने यादीत किती जाती आहेत आणि हिवाळी पाहुणे कोणत्या आठवड्यात येतात, हे तारखेसह सांगता येते. टिपेश्वरला सफारी करून आल्यावर ‘वन्यजीवनाची आवड’ लिहिणाऱ्यापेक्षा या माणसाचे बोलणे जास्त भरते. अर्जातली ओळ मग आपोआप बनते: ‘पक्षी निरीक्षण, २०२२ पासून राहत्या परिसरातील नियमित नोंदी, ई-बर्डवर यादी’. यात काय करतो, कधीपासून आणि त्याची खूण कुठे, हे तिन्ही आले. मूल सोबत होते की नव्हते हे लिहिण्याची गरज पडली नाही, जरी पहिली टिटवी त्यानेच दाखवली असेल.

याच मापाने बाकीच्या छंदांकडे पाहता येते. ‘रांगोळी’ हा शब्द कुणालाही लिहिता येतो; स्वतः रचलेल्या ठिपक्यांच्या नमुन्यांची वही असेल तर तसे लिहावे, कारण त्यामागे भूमितीची जाण आहे आणि वही मागितली तर दाखवता येते. ‘शेतीची आवड’ पोकळ आहे. अंगणातल्या मोजपात्राने चार पावसाळ्यांच्या पावसाची रोजची नोंद ठेवली असेल तर ती कोरडवाहू कापसाच्या मुलखात कोणत्याही कृषी सेवा कंपनीला किंवा बँकेला अर्थपूर्ण वाटेल. नवरात्रात यवतमाळची दुर्गादेवीची मंडळे पाहायला जिल्हाभरातून माणसे येतात; मंडळात वर्गणीचा हिशेब किंवा रोषणाईची जुळवाजुळव पाहिली असेल तर ती कामगिरी म्हणून लिहावी, ‘सण साजरे करणे’ म्हणून नको. मंडळांचे राजकीय रंग कधी कधी उमेदवाराला लागतात, तेवढे भान मात्र ठेवावे. दिग्रस-पुसद भागात बंजारा भरतकाम जाणणाऱ्या स्त्रीने ‘शिवणकाम’ असे पुसट लिहिण्यापेक्षा आरसे, कवड्या, टाके यांतले जे येते त्याचे नाव घ्यावे. एकाहून जास्त छंद लिहू नयेत. चार छंदांची यादी वाचली की एकही खरा नसावा असे वाटते, आणि घरी लहान मुले असल्याचे कळले की ती शंका पक्की होते.

माणसाची ओळख कोणत्या शब्दाने आधी होते याचे एक उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावर वादळ उठले, आणि उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. वर्तमानपत्रांत त्यांची ओळख ‘शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिला’ अशी आली. त्या अंगणवाडीत काम करतात, दोन मुले वाढवतात आणि ‘तेरवं’ या नाटकात रंगमंचावर उभ्या राहतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात. बातमीची ती गरज असेल. पण अर्ज म्हणजे आपली बातमी आपण लिहिण्याची जागा, आणि तिथे क्रम आपल्या हातात असतो. नाटकाच्या तालमी, पाठांतर, परगावचे प्रयोग हे सगळे नोकरी आणि मुले सांभाळून करणाऱ्या बाईने ‘अभिनय’ एवढ्या एका शब्दावर भागवले, तर वाचणारा तिच्या परिस्थितीकडे पाहील आणि कामाकडे त्याचे लक्षही जाणार नाही.

सगळ्यात जड आक्षेप मानसशास्त्राकडून येतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. उमेदवार पुढे काम कसे करील याचा अंदाज प्रत्यक्ष कामाच्या चाचणीवरून बांधला तर मेळ (एक म्हणजे पूर्ण मेळ) ०.५४ इतका निघाला, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीवरून ०.५१, आणि आवडीनिवडींवरून फक्त ०.१०. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले आणि बरेचसे खाली आणले. आवडीनिवडींचा आकडा त्यांच्या हिशेबात वर गेला, पण तरी ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीच्या बराच खाली राहिला. म्हणजे छंदावरून नोकरी द्यायची हा प्रकार शास्त्राच्या कसोटीवर लंगडाच. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच ही ओळ एकच असावी, पानाच्या तळाशी असावी, आणि खरे काही नसेल तर फाइलमधून शब्दासकट पुसून टाकावी असे मी म्हणतो. जिथे रकाना सक्तीचा नाही तिथे तो गाळल्याने कोणाचे नुकसान झाल्याचा पुरावा नाही. चुकीच्या ओळीने झाल्याचे पुरावे वर दोन दिले. पण निवड करणारे शास्त्र वाचून बसत नाहीत. ते पान पाहतात आणि बोलायला विषय शोधतात. तो विषय आपण दिलेला असला तर पहिली पाच मिनिटे आपल्या ओळखीच्या रस्त्यावर जातात. ज्या संस्थांना खरेच न्यायाने निवडायचे आहे त्यांनी सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि शिक्षकाचा पाठ, कारकुनाचा मसुदा, परिचारिकेचे प्रत्यक्ष काम पाहावे. ‘पवित्र’च्या मुलाखतीत पाठ घेतात, ती त्यातली चांगली गोष्ट.

राहिला तो बंद पडलेला छंद. आईबाप झालेल्यांत याचेच प्रमाण मोठे असावे, आणि सल्ले देणारे नेमके यालाच बगल देतात. विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेली मुलगी, आकाशवाणीवर गायलेला मुलगा, आणि मग आठ-दहा वर्षे काहीच नाही. असा छंद वर्तमानकाळात लिहिणे खोटे, आणि गाळून टाकणे म्हणजे कमावलेले फेकून देणे. तो भूतकाळात, वर्षांसह लिहावा: ‘व्हॉलीबॉल, विद्यापीठ संघ, २००९ ते २०१२’. समोरून प्रश्न येईल की आता खेळता का. ‘नाही, पण तालुक्याच्या शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते’ असे असेल तर उत्तमच. नुसते ‘नाही, मुले लहान आहेत’ असेल तरी तेही सांगायला हरकत नाही, कारण आता विचारणाऱ्याने विचारले आहे, आणि त्याच्यासमोर मुलांच्या आधी तीन वर्षांचा सराव, सामने आणि संघ मांडून झाला आहे. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न बहुधा असा असेल की तुम्ही कोणत्या जागेवर खेळायचात.